बिनधुराच्या सायकलचा धूर कोणाच्या छातीत?

दरवर्षी ३ जून उजाडला की शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर सायकलींची फेरी निघते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ साली हा दिवस जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केला, तेव्हापासून या फेऱ्यांना अधिकच बहर आला आहे. डोक्यावर शिरस्त्राण, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, हातमोजे आणि लाखाच्या घरातील सायकल! पुढे फलक असतो, 'पर्यावरण वाचवा'. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि पर्यावरण एका वर्षापुरते वाचते.

त्याच सकाळी, त्याच रस्त्याने आणखी काही सायकली जात असतात. रात्रपाळी संपवून घराकडे निघालेला पहारेकरी, कॅरिअरला डबा बांधून बांधकामावर निघालेला मजूर, मागे पाटी बांधून भाजी आणायला निघालेला माणूस. यांची सायकल जुनी, काळी, मडगार्ड खडखडणारी. हा माणूस वर्षाचे ३६५ दिवस सायकल चालवितो. पर्यावरणाचे पुण्य मात्र त्याच्या खात्यावर कोणी मांडत नाही. छायाचित्र तर दूरच, मागून येणारा मोटारवाला हॉर्न वाजवून त्याला गटाराच्या कडेला लोटतो.

वाचकहो, आम्ही सायकलचे विरोधक नाही. सायकल हे माणसाने बनविलेले सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत कमी घाण करणारे वाहन आहे, हे आम्ही मान्य करतो आणि पुढे हिशोबानिशी दाखवूनही देणार आहोत. पण सायकल आभाळातून पडत नाही. ती कोणीतरी घडवितो. तिचे लोखंड कोणाच्या तरी डोंगरातून निघते, तिचे रबर कोणीतरी चिकाने हात बरबटवून गोळा करतो, तिच्या हँडलची चकाकी कोणाच्या तरी फुप्फुसातून जाते. 'हिरवी सायकल' म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी हा हिशोब कधी मांडला नाही. तो आपल्यालाच मांडावा लागेल.

टांगेवाला नको, स्वतःचे वाहन हवे

प्रथम हे लक्षात घेऊ की आपल्या समाजाला सायकल म्हणजे काय होती. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले, तेव्हा ही मुले महाराची आहेत असे कळताच एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडीही मुलांनीच हाकायची, या अटीवर एकजण कबूल झाला. पुढे १९२९ साली चाळीसगावात, परदेशातून उच्च पदव्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना टांग्यात बसवून टांगा हाकायला टांगेवाले राजी नव्हते. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. नवख्या माणसाने लगाम धरला, टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, ज्या देशात गाडीवाला जात विचारून गाडीत घेतो त्या देशात सायकल ही नुसती दोन चाके नव्हती. तिला टांगेवाला लागत नाही, बैल लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या वस्तीतील जुनी माणसे सांगतात, नोकरी लागल्यावर घरात पहिली मोठी वस्तू आली ती सायकल. मुलगा दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकला आणि त्याच सायकलवर हायस्कूलला गेला.

गावगाड्याच्या धन्यांना हे कळत होते. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ११ राज्यांतील ५६५ गावांच्या पाहणीवर आधारलेला अस्पृश्यतेविषयीचा ग्रंथ २००६ साली प्रसिद्ध केला. त्यात काही गावांत दलितांना सार्वजनिक रस्त्यावर सायकलवर बसून जाण्यास मनाई असल्याची नोंद आहे. स्वातंत्र्य मिळून अर्धशतक उलटल्यावरची ही गोष्ट आहे. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके ओट्यावर बसलेल्या माणसापेक्षा उंच जाते, हेच त्यांचे दुखणे!

आणि जिथे सायकल हाती आली तिथे काय घडले? तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांत दगडखाणीत राबणाऱ्या स्त्रियाही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती हकीकत जगापुढे आणली. बिहारने २००६ पासून नववीतील मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींच्या प्रवेशात सुमारे तीस टक्के वाढ आढळली. मा. कांशीरामजींनीही हे ओळखले होते. मार्च १९८३ मध्ये त्यांनी डीएस-फोरची सायकल यात्रा काढली. चाळीस दिवस, सात राज्ये! भांडवलदारांच्या देणगीवाचून दोन पाय आणि दोन चाके यांच्या बळावर चळवळ उभी राहते, हे त्यांनी सिद्ध केले. अशी ही सायकल आपली आहे. म्हणूनच तिच्या जन्माची कहाणी आपण जाणून घेतली पाहिजे.

रबराला लागलेले रक्त

१८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस याने लाकडी दोन चाकी गाडा बनविला. त्याला पायडल नव्हते, जमिनीवर पाय रेटून तो पळवायचा. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल लागले. १८८५ साली इंग्लंडच्या कोव्हेन्ट्री गावात जॉन केम्प स्टार्ली याने दोन जवळपास सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी 'रोव्हर' सायकल आणली. आज आपण चालवितो ती सायकल मुळात तीच. १८८८ साली बेलफास्टमध्ये राहणारा जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि दगडगोट्यांवरून धडधडणारी सायकल मऊ चालू लागली. युरोप-अमेरिकेत सायकलचे वेड पसरले.

टायरला रबर हवे. ते कोठून आले? बरेचसे आफ्रिकेतील काँगोच्या जंगलातून. १८८५ पासून काँगो ही बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता झाली होती. गावागावावर रबराचा कोटा बसविला गेला. कोटा भरला नाही तर बायकांना ओलीस ठेवायचे, चाबकाने फोडायचे, गावे जाळायची. प्रत्येक गोळीचा हिशोब द्यावा लागे म्हणून शिपाई माणसांचे तोडलेले हात दाखल करीत. १८९० साली जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन इतिहासकाराने लिओपोल्डला उघडे पत्र लिहून या राजवटीचे वाभाडे काढले. एका काळ्या माणसाचे कोणी ऐकले नाही. १९०४ साली ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईने काढलेले एक छायाचित्र जगभर गेले. आपल्या पाच वर्षांच्या मुलीचा तोडलेला हात आणि पाऊल समोर ठेवून बाप बसला आहे. मग कुठे गोऱ्या जगाची झोप मोडली आणि १९०८ साली राजाच्या हातून काँगो काढून घेतला गेला.

पॅरिसच्या बागेत सायकलवरून फिरणाऱ्या साहेबाला आपल्या टायरमध्ये काय आहे याची कल्पना नसेल. पण कल्पना नसणे हाही एक सोयीचा धर्म असतो. आपल्या देशात तो हजारो वर्षे पाळला गेला आहे. माझ्या घरचे मेलेले ढोर कोण ओढतो, माझा संडास कोण उपसतो, हे मला ठाऊक नाही, मी पवित्र!

लुधियानाची चकाकी

आता आपल्या देशात येऊ. सायकल उत्पादनात चीननंतर भारताचा क्रमांक लागतो आणि देशातील बहुतांश सायकली व सुटे भाग पंजाबच्या लुधियानात तयार होतात. मुंबईच्या वरळीतही एकेकाळी हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० साली संसदेने कायदा करून तो आणि आसनसोलचा सेन-रॅले कारखाना सरकारी मालकीचा केला. पुढे दोन्ही बंद पडले. वरळीच्या कामगाराची सायकल गेली, कारखानाही गेला.

साधी काळी सायकल बनते कशी ते पाहा. पोलादी पट्टी गोल वळवून, सांधा जोडून नळी तयार करतात. नळ्या सांध्यांच्या खोबणीत बसवून पितळेच्या डागाने जोडल्या की दोन त्रिकोणांची चौकट उभी राहते. त्रिकोण दाबाखाली आकार बदलत नाही, म्हणून एवढ्याशा नळ्या दोन माणसे आणि एक पोते सहज पेलतात. चाकाच्या तारा तर आणखी नवलाच्या. बैलगाडीचा लाकडी आरा खालून टेका देतो. सायकलची तार मात्र ताणलेली असते, ओझे सगळ्या तारांच्या ताणावर पेलले जाते. एक तार काहीच नाही, पण छत्तीस तारा सारख्या ताणल्या की हत्तीचे बळ. झारखंडात खाणीजवळचा कोळसा पोत्यांत भरून दोन-दोनशे किलो ओझे सायकलवर लादून घाट चढणारे मजूर आहेत. सायकलच्या घडणीची खरी परीक्षा तेच घेतात. ते सायकलवर बसत नाहीत, तिला ढकलतात.

चौकट झाली की तिला आम्लात बुडवून गंज काढायचा, फॉस्फेटचा थर द्यायचा, रंग मारून भट्टीत भाजायचा. हँडल, रिम, पायडलची दांडी यांना मुलामा देतात. आधी घासून, पॉलिश करून गुळगुळीत करायचे. त्यात धातूची धूळ उडते. मग निकेलच्या आणि शेवटी क्रोमच्या टाकीत बुडवून वीज सोडायची. या टाकीतून जी वाफ उठते तिच्यात षट्संयुजी क्रोमियम असते. कातडीवर त्याचे डाग बसून भोके पडतात, नाकातील पडदा फाटतो आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने पूर्वीच सिद्ध केले आहे. या कामावर असतो कोण? बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेला, जमीन नसलेला मजूर. गावात त्याच्या वाट्याला जे काम होते तेच रूप बदलून शहरात त्याच्यापुढे आले आहे.

टाकीतले पाणी कुठे जाते? लुधियानातून बुड्ढा नाला वाहतो. एकेकाळी तो स्वच्छ ओढा होता. आज कापड रंगविणारे कारखाने, मुलामा देणारे कारखाने, गोठे आणि शहराचे सांडपाणी पोटात घेऊन तो सतलजला मिळतो. तेच पाणी पुढे कालव्यांनी दक्षिण पंजाबात आणि राजस्थानात पिण्यासाठी जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली लुधियानाची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली. ३० एप्रिल २०२३ रोजी याच शहरातील गियासपुरा या कामगार वस्तीत गटारातून विषारी वायू बाहेर पडला आणि ११ माणसे जागच्या जागी मेली. गटार आणि मरण यांचे नाते आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती पुढे आली आणि १९४६ साली तिचा कायदा झाला. आज काय चालले आहे? जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले की तो कारखाना ठरत असे. २०२० च्या संहितेने तो आकडा वीसवर नेला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. ज्या गाळ्यात पंधरा माणसे राबतात तो आता सर्वसाधारणपणे कारखानाच नाही!

हिशोब मांडू

मग सायकल वाईट की काय? नाही. हिशोब मांडू. एक किलो पोलाद तयार होताना सुमारे दोन ते अडीच किलो कार्बन वायू हवेत जातो. साध्या सायकलचे वजन वीस किलो धरले तर तिच्या पोलादाचा बोजा झाला चाळीस ते पन्नास किलो. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो वायू निघतो. म्हणजे सायकलचे पोलाद बरोबर वीस लिटर पेट्रोल. रंग, मुलामा, टायर, वाहतूक धरून हा बोजा दुप्पट करा. चाळीस लिटर पेट्रोलवर मोटारसायकल दोन हजार किलोमीटर धावते. जो कामगार रोज दहा किलोमीटर सायकल चालवितो तो दोनशे दिवसांत हे सारे कर्ज फेडून टाकतो. पुढची वीस वर्षे तो समाजाला फुकट देतो. युरोपातील सायकलस्वारांच्या महासंघाने २०११ साली केलेल्या हिशोबात सायकलची बनावट आणि चालविणाऱ्याचे जादा अन्न धरूनही दर किलोमीटरला २१ ग्रॅम वायू निघाला, मोटारीचा २७१ ग्रॅम. सायकल निर्विवाद जिंकते.

पण हा हिशोब एका अटीवर खरा ठरतो: सायकल वर्षानुवर्षे चालली पाहिजे. इथेच नव्या सायकलींची मेख आहे. पोलादी चौकट मोडली तर गावचा वेल्डिंगवाला जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियमची चौकट रस्त्यावर नीट जोडता येत नाही. शिवाय एक किलो अ‍ॅल्युमिनियम गाळायला चौदा-पंधरा युनिट वीज लागते आणि आपल्याकडे ती बहुतेक कोळशाची. त्याचे खनिज बॉक्साइट ओडिशातील आदिवासींच्या डोंगरांत आहे. १६ डिसेंबर २००० रोजी काशीपूरजवळ मैकांच येथे खाणीला विरोध करणाऱ्या तीन आदिवासींना पोलिसांनी गोळ्या घातल्या. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नियमगिरीच्या बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. आपल्या गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखनिजासाठी आदिवासींचा डोंगर पोखरला जात आहे. कार्बन तंतूची सायकल वजनाला हलकी, पण एकदा तडकली की भंगारवालाही घेत नाही. विजेच्या सायकलला लिथियमची बॅटरी लागते; तशा काही बॅटऱ्यांत कोबाल्ट असते आणि जगातील दोन तृतीयांशाहून अधिक कोबाल्ट काँगोतून निघते. तिथल्या छोट्या खाणींत लहान मुले राबतात. सव्वाशे वर्षांपूर्वी रबर, आज कोबाल्ट. काँगो तोच, हातही तेच.

पुण्यात २०१७ च्या अखेरीस भाड्याच्या रंगीत सायकली चौकाचौकात आल्या. दोन-तीन वर्षांत त्यांतल्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. चीनमध्ये तर अशा लाखो सायकलींचे डोंगर मैदानात गंजत पडले. चालण्याआधीच मेलेली सायकल पर्यावरण वाचवीत नाही, बिघडविते.

पंक्चरवाला आणि सरकार

तर मग पर्यावरणाचा खरा कार्यकर्ता कोण? आम्ही सांगतो. झाडाखाली पाण्याची घमेली, सोल्युशनची नळी आणि पाना घेऊन बसलेला पंक्चरवाला. तो चाकाचा आउट काढतो, छर्रे बदलतो, जुन्या दोन सायकलींची एक चालती सायकल करतो. त्याला परवाना नाही, गाळा नाही, निवृत्तिवेतन नाही. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की त्याची हवेची पंप सगळ्यात आधी उचलली जाते.

आणि सरकारचे धोरण पाहा. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवर जीएसटी पाच टक्के झाला. मजुराच्या सायकलवर मात्र बारा टक्के तसाच राहिला. वीस लाखांच्या मोटारीला पाच आणि पाच हजारांच्या सायकलला बारा! सहा वर्षे हा अन्याय चालला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कुठे तो पाचवर आला. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभरपैकी जवळपास ४५ कुटुंबांकडे सायकल होती, मोटार होती पाचांपेक्षाही कमी कुटुंबांकडे. मग रस्ते कोणासाठी रुंद होतात? उड्डाणपूल कोणासाठी बांधले जातात आणि त्यांतल्या कित्येकांवर सायकलला बंदी का असते? गावात मनाई जातीने केली, शहरात ती पाटी लावून केली जाते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सायकलचा मार्ग नदीकाठच्या बागेत नको, झोपडपट्टीपासून औद्योगिक वसाहतीपर्यंत हवा. मुलामा देणाऱ्या प्रत्येक गाळ्याला, तिथे पाच माणसे असोत की पन्नास, सुरक्षेचा कायदा लागू झाला पाहिजे. वाफ ओढून घेणारा पंखा आणि कामगाराची दरवर्षी वैद्यकीय तपासणी सक्तीची हवी. षट्संयुजी क्रोमऐवजी कमी घातक त्रिसंयुजी क्रोमचा मुलामा देता येतो, रिमला रंगही चालतो. सरकार ज्या सायकली शाळकरी मुलींना वाटते, त्या खरेदीतच ही अट घालता येईल. पंक्चरवाल्याला बसायला हक्काची जागा द्या. ज्या डोंगरातून खनिज निघते तिथल्या ग्रामसभेचा नकार हा नकार माना.

वाचकहो, आपल्या घरातल्या सायकलला आज एकदा हात लावून पाहा. तिच्या हँडलच्या चकाकीत लुधियानाच्या त्या मजुराचा चेहरा दिसतो का ते पाहा. ती वस्तू टाकून देऊ नका. तेल घाला, चेन बदला, मुलीला शिकवा. आणि पुढच्या ३ जूनला पर्यावरणाची फेरी तुमच्या वस्तीवरून जाईल, तेव्हा तिला थांबवून एवढेच विचारा: तुमच्या सायकलला धूर नाही हे खरे, पण तिच्यासाठी जो धूर निघाला तो कोणाच्या छातीत गेला?